ओसीपुरता संडास

महाराष्ट्रातल्या मॉपची, बादल्यांची आणि फिनाइलच्या कॅनांची सोय उत्तम आहे. मॉल घ्या, मल्टिप्लेक्स घ्या, काचेचं तोंड मिरवणारी कार्यालयं घ्या, नवंकोरं रुग्णालय घ्या. रुंद दाराची, भिंतीला छतापर्यंत लादी लावलेली, स्वतंत्र दिवा असलेली एक खोली त्यांच्यासाठी राखून ठेवलेली असते. दारावर व्हीलचेअरचं निळं चित्र असतं, पण ते फारसं मनावर घ्यायचं नाही. आत मॉप उभे असतात, गेल्या दिवाळीचे आकाशकंदील असतात, पाय मोडलेल्या खुर्च्या असतात आणि 'फरशी ओली आहे' सांगणारे पिवळे फलक कोरड्या फरशीवर रचून ठेवलेले असतात. सगळं कसं सुखात चाललेलं असतं. मध्येच माझ्यासारखं कोणीतरी येतं आणि त्या खोलीत लघवी करायची म्हणतं.

मी व्हीलचेअर वापरते. पाठीच्या कण्याला इजा झाली तेव्हापासून. शिवाय इमारती अपंगांना वापरता येतात की नाही हे तपासून अहवाल देणं हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग आहे. म्हणजे या संडासांची मी गिऱ्हाईकही आहे आणि तपासनीसही. पिशवीत मोजपट्टी कायम असते. ती काढली की सुपरवायझर मंडळींचा चेहरा जसा बदलतो तसा मी नुसती खुर्चीवर बसून विनंती केली तर बदलत नाही. या दोन्ही नात्यांनी सांगते, आपल्याकडचा अपंगांसाठीचा संडास माणसासाठी बांधलेलाच नसतो. तो ओसीसाठी बांधलेला असतो. भोगवटा प्रमाणपत्र हातात पडलं की त्याचं अवतारकार्य संपतं.

हे घडतं कसं, ते नकाशावरच दिसतं. आर्किटेक्टच्या ऑफिसात संगणकावर एक तयार ठोकळा असतो, त्यात पॉट, बेसिन, दोन दांडे आणि मधोमध व्हीलचेअर वळण्याचं दीड मीटर व्यासाचं वर्तुळ. हा ठोकळा उचलायचा आणि जिना, लिफ्ट आणि डक्ट यांच्यामध्ये जी जागा उरली असेल तिच्यात कोंबायचा. मावत नाही? बेसिन सरकवा. तरी मावत नाही? वर्तुळ बेसिनवरून जाऊ द्या. मी असे नकाशे पाहिले आहेत ज्यांत ते वर्तुळ पॉटला छेदून पलीकडच्या भिंतीत घुसलेलं आहे. कागदावर व्हीलचेअर भिंतीतून वळते. मंजुरी देणारा अभियंता वर्तुळ आहे की नाही ते बघतो, त्याच्या वाटेत काय आहे ते बघत नाही. मंजूर. पुढे जागेवर पाहणी होते तेव्हा पॉट बसवलेला असतो, दांडे चकाकत असतात, चित्र चिकटवलेलं असतं. दाखला मिळतो. नंतर कधीतरी हाउसकीपिंगच्या कंत्राटदाराला सामान ठेवायला जागा हवी असते, आणि दाराला कडी लागते.

सफाई कामगारांवर माझा राग नाही, हे इथेच सांगून टाकते. कपडे बदलायला, डबा खायला, बादल्या ठेवायला इमारतीत त्यांच्यासाठी जागाच काढलेली नसते. ज्या आर्किटेक्टला मी आठवत नाही त्याला तेही आठवत नाहीत. मग आम्हा दोघांच्या वाट्याला एकच खोली येते आणि आम्ही तिच्यावरून भांडतो.

चावीचा सोहळा तर वर्णन करण्याजोगा असतो. दाराला कुलूप. वॉचमन म्हणतो, "ताई, चावी फ्लोअर मॅनेजरकडे." फ्लोअर मॅनेजर मीटिंगमध्ये. त्याचा मदतनीस म्हणतो चावी हाउसकीपिंगकडे. हाउसकीपिंगचा सुपरवायझर वॉकीटॉकीवर सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतो की एका हँडिकॅप मॅडमना वॉशरूमला जायचंय. चावी येते. कुलूप उघडतं. मग आतलं सामान बाहेर काढलं जातं, माझ्यासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, एकेक कॅन. आणि ते करता करता तो भला माणूस मला समजावतो, "मॅडम, काय आहे, इथे कोणी येतच नाही हो."

या वाक्याचं काय करावं? बंद ठेवलेल्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकान बंद ठेवणारा वाणी आपण अजून पाहिलेला नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार अपंग माणसं मोजली गेली. देशात उत्तर प्रदेशाखालोखाल. ही माणसं जातात कुठे? घरात बसतात. बाहेर पडायचं तर पदपथ तुटलेले, आणि जिथे पदपथ आहेत तिथे महापालिका मोटारसायकली अडवायला खांब रोवते. त्या खांबांमधून व्हीलचेअर जात नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. हे सगळं ओलांडून जी मूठभर माणसं पोचतात, ती सकाळपासून पाणी न पिता पोचतात.

पाणी न पिणं हे आमचं खरं प्रवासनियोजन आहे. लग्नाला जायचं, कोर्टाच्या तारखेला जायचं, नाटकाला जायचं, तर आदल्या रात्रीपासून हिशेब सुरू. यात बायका जुन्या वाकबगार, कारण या राज्यात धडधाकट बाईलाही रस्त्यावर संडास सापडत नाही. मुंबईत 'राईट टू पी' नावाची चळवळच चालवावी लागली. पण कण्याला इजा झालेल्या माणसाचं मूत्राशय मनाने रिकामं होत नाही. आमच्यातल्या अनेकांना दर चार-सहा तासांनी स्वच्छ कॅथेटर घालून ते रिकामं करावं लागतं. पाणी कमी प्यायलं तर जंतुसंसर्ग, वेळ टळली तर लघवी मूत्रपिंडाकडे उलटी चढण्याची भीती, डायपर लावून दिवस काढला तर बसल्या जागी कातडी सोलवटते आणि त्या जखमा महिनोन्महिने भरत नाहीत. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा झालेल्यांच्या बाबतीत तर नुसत्या तुंबलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब झपाट्याने चढू शकतो, पक्षाघात होण्याइतका. डॉक्टर त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. फ्लोअर मॅनेजरची मीटिंग संपेपर्यंत थांबा असं सांगताना तुम्ही कोणाला काय सांगता आहात, ते एकदा समजून घ्या.

बरं, कुलूप उघडलं, कॅन निघाले. आता आत काय आहे?

पहिली भेट उंबऱ्याची. पाइप स्लॅबच्या पोटात घ्यायचे राहून गेले म्हणून फरशी चार-सहा इंच भरून उचललेली. बाहेरच्या रॅम्पवर ग्रॅनाइट, फीत कापतानाचा फोटो, आणि संडासाच्या दारात पायरी. दुसरी भेट दाराची. दार आत उघडतं. आत उघडणारं दार खुर्ची आत गेल्यावर लागत नाही, ही त्यातल्या त्यात किरकोळ गोष्ट. आतला माणूस घसरून पडला तर त्याचं अंगच दाराला अडसर होतं, आणि बाहेरच्याला ते उघडता येत नाही. दार बाहेर उघडावं किंवा सरकतं असावं, हे नियमात आहे. बिजागरी या बाजूऐवजी त्या बाजूला लावायला सुताराला एक पैसाही जास्त द्यावा लागत नाही.

मग पॉट. माझ्यासारखीला पॉटवर बसायचं म्हणजे काय करायचं असतं ते सांगते, कारण हे संडास आखणाऱ्यांपैकी फार कमी जणांनी ते कधी पाहिलेलं आहे. खुर्ची पॉटच्या शेजारी, त्याला समांतर न्यायची. ब्रेक लावायचा. खुर्चीचा त्या बाजूचा हात काढायचा. एक तळवा पॉटवर, एक खुर्चीवर, आणि अंग आडवं सरकवायचं. त्यासाठी पॉटच्या एका बाजूला 90 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. बैठकीची उंची खुर्चीएवढी, जमिनीपासून 45 ते 48 सेंटिमीटर हवी. आणि पॉट मागच्या भिंतीपासून सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर पुढे आलेला हवा, कारण खुर्चीची मोठी चाकं मागे असतात. ती भिंतीला टेकली तरी खुर्चीची बैठक पॉटच्या बैठकीच्या शेजारी आली पाहिजे. आपण काय लावतो? भिंतीला लटकवलेला, दिसायला नाजूक, जेमतेम पन्नास-पंचावन्न सेंटिमीटरचा पॉट, जो शेजारच्या बायकांच्या संडासात लावलेला असतो तोच, एकाच ऑर्डरीतला. मोकळ्या बाजूला बेसिन. किंवा त्याहून भारी, दोन्ही बाजूंना जमिनीत घट्ट रोवलेले स्टीलचे दांडे, म्हणजे पॉट दोन कठड्यांच्या पिंजऱ्यात आणि मी बाहेर. मोकळ्या बाजूचा दांडा वर उचलता आला पाहिजे, एवढी साधी बाब. ती कॅटलॉगमध्ये मिळते. पण ती पाहायला कॅटलॉग उघडावा लागतो.

दांड्यांविषयी आणखी. दांडा हा टॉवेल वाळत घालायला नसतो. त्यावर माणसाचं सगळं वजन येतं, आणि तेही हिसक्याने. आमचे कंत्राटदार तो जिप्समच्या पोकळ भिंतीत, प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकून, चार स्क्रूंवर बसवतात. मी तपासणीला गेले की आधी दांडा धरून जोरात ओढते. एका ठिकाणी तो लादीसकट माझ्या हातात आला आणि साइट इंजिनिअर मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार जोर लावलात." हो ना. मी पडताना हळूच पडायला शिकलं पाहिजे.

आपत्कालीन घंटेची दोरी असलीच तर ती गाठ मारून वर बांधलेली असते, झाडू मारताना मध्ये येते म्हणून. पडलेला माणूस जमिनीवर असतो; दोरी जमिनीपाशी पोचायला हवी. आणि ती ओढली तर घंटा वाजते कुठे, हे मी जिथे जिथे विचारलं तिथे तिथे आधी शांतता पसरली. पॉटवर बसल्या बसल्या हात पोचेल असा नळ हवा, कारण कॅथेटर हाताळायच्या आधी आणि नंतर हात धुवायचे असतात, आणि बेसिन खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर धुतलेल्या हातांनी रस्त्यावरून आलेली चाकं ढकलत परत यावं लागतं. सामान ठेवायला एक फळी हवी. कचऱ्याचा डबा हवा. फ्लशचं बटण पाठीमागे नको, बाजूला हवं. आणि आपल्याकडे पाणी वापरतात, कागद नव्हे, त्यामुळे फरशी ओली होणारच. तिथे आरशासारखी गुळगुळीत लादी लावणाऱ्याला नेमकं काय साधायचं असतं? अंध माणसाला आत गेल्यावर पॉट कुठे, नळ कुठे हे कसं कळावं, हा प्रश्न तर अजून कोणाच्या स्वप्नातही आलेला नाही.

आता मापाचा घोटाळा. 2005 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत अपंगांसाठीच्या संडासाचं किमान माप होतं दीड मीटर बाय पावणेदोन मीटर. तेच आपल्या विकास नियंत्रण नियमावल्यांत उतरलं आणि तिथेच बसलं. या मापात पॉट मावतो, खुर्चीही कशीबशी मावते. पण बाजूला 90 सेंटिमीटर राहत नाहीत आणि बेसिन लावल्यावर वळायची बात नाही. सरळ आत जायचं आणि आल्या पावली उलट बाहेर यायचं, काम न करता. केंद्र सरकारची नंतरची सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वं 2.2 मीटर बाय 2 मीटर मागतात. दोन्ही मापं आज कागदावर हयात आहेत, आणि त्यातलं कुठलं उचललं जातं हे सांगायला ज्योतिषी नको. दोन्हींतला फरक सुमारे 19 चौरस फुटांचा आहे. मॉलच्या मधल्या चौकात मोबाइलची कव्हरं विकणारा ठेला याहून मोठी जागा घेतो. परवडत नाही म्हणणाऱ्या बिल्डरसाहेबांनी आपल्या सॅम्पल फ्लॅटमधली बाथरूम मोजावी.

कायदे नाहीत म्हणावं तर तेही खोटं. अपंगांसाठीच्या 1995 च्या कायद्यात सार्वजनिक इमारतींतले संडास व्हीलचेअरवाल्यांसाठी बदलून घ्यावेत असं कलम होतं. त्याला शेपूट जोडलेलं होतं, 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. पंचवीस मजले चढवायला कुवत होती, बिजागरी फिरवायला नव्हती. मग 2016 चा कायदा आला. त्याने शेपूट कापलं. कलम 44 म्हणतं, नियम पाळलेले नसतील तर बांधकामाला परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखला नाही, वापराला संमती नाही. कलम 45 म्हणतं, आधीपासून उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुधारा. नियम निघाले जून 2017 मध्ये. मुदत संपली जून 2022 मध्ये. आणि सार्वजनिक म्हणजे फक्त सरकारी नव्हे. लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतही त्या व्याख्येत येते, तेव्हा 'आमची प्रॉपर्टी आहे' हे मला ऐकवू नये.

मग घोडं पेंड कुठे खात होतं? नियमांत. कायदा म्हणत होता सक्ती करा, आणि त्याखालच्या नियमांनी सक्तीच्या जागी मार्गदर्शक तत्त्वांचा गठ्ठा जोडला. मार्गदर्शन म्हणजे पाळलं तर उत्तम, नाही पाळलं तरी हरकत नाही. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नेमकं यावर बोट ठेवलं, नियम 15 चा तो भाग मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम आखायला सांगितलं. रतुरी स्वतः अंध आहेत; या रस्त्यावर ते 2005 पासून चालत होते. एवढ्या वर्षांत किती ओसी दिल्या गेल्या असतील, याचा अंदाज वाचकांनी करावा.

आणि दंड? पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत. लॉबीतल्या कुंड्यांना याहून जास्त खर्च येतो.

2024 च्या जूनमध्ये मुरलीकांत पेटकरांवरचा 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट पाहायला गेले. पेटकर आपल्या सांगली जिल्ह्यातले. 1965 च्या युद्धात गोळ्या झेलल्या आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. प्रेक्षक डोळे पुसत होते, टाळ्या वाजवत होते. मी पहिल्या रांगेत, मान मोडेपर्यंत वर बघत, कारण व्हीलचेअरची जागा तिथेच असते. मध्यंतरात संडासाला कुलूप होतं. पडद्यावरचा अपंग आपल्याला फार आवडतो. तो प्रेरणा देतो आणि त्याला लघवी लागत नाही.

आणखी एका गोष्टीवर आर्किटेक्ट मंडळी माझ्याशी वाद घालतात. अपंगांचा संडास बायकांच्या आत एक आणि पुरुषांच्या आत एक असा दिला की त्यांना वाटतं झालं काम. मग म्हाताऱ्या आईला घेऊन आलेल्या मुलाने कुठे जायचं? पार्किन्सन्सच्या नवऱ्याला धरून आणणाऱ्या बायकोने? इंग्लंडमध्ये सेल्विन गोल्डस्मिथ नावाच्या वास्तुविशारदाला हे साठच्या दशकात कळलं. तो स्वतः पोलिओने अपंग झालेला होता, नॉर्विच शहरात तो व्हीलचेअर वापरणाऱ्यांकडे जाऊन त्यांना विचारत बसला, आणि त्यातून स्त्री-पुरुष कोणीही, सोबत्यासह वापरावा असा स्वतंत्र दाराचा संडास पुढे आला. विचारलं म्हणून कळलं. आपल्याकडे खडकीला कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र 1974 पासून आहे. पुण्यातल्या किती आर्किटेक्टांनी तिथे जाऊन एक संडास मोजून पाहिला?

सरकारी इमारतींवर मी मुद्दाम फार शब्द खर्चत नाही. तहसील कचेरीत संडासाचं दार शोधण्याआधी जिना असतो, आणि नाट्यगृहांतल्या स्वच्छतागृहांबद्दल चालते-बोलते नटच इतकं बोलून चुकले आहेत की मी वेगळं काय सांगू. खासगीवाल्यांवर माझा जास्त दात आहे, कारण त्यांच्याकडे पैसा आहे, सल्लागार आहेत, आणि 'सर्वसमावेशक' असं छापलेली गुळगुळीत माहितीपत्रकं आहेत. ती माहितीपत्रकं मी कुठे पाहिली म्हणाल तर खोक्यात बांधून ठेवलेली, त्याच संडासात.

आता वाचकांना एक काम सांगते. तुमच्या ऑफिसात, तुमच्या मॉलमध्ये, तुमच्या मुलाचा साखरपुडा झाला त्या हॉटेलात ते निळं चित्राचं दार असेल. उघडून बघा. कुलूप असेल तर चावी मागा, आणि चावी यायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. आत सामान असेल तर तारखेसह फोटो काढा. मग महापालिकेत माहिती अधिकारात त्या इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा. नकाशात संडास आणि जागेवर गोदाम, म्हणजे ते मंजूर नकाशाचं उल्लंघन आहे. साध्या भाषेत अतिक्रमण, ज्यासाठी हीच महापालिका फेरीवाल्याची गाडी उचलून नेते. दोन्ही कागद आणि फोटो जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार टाका, आणि तिची प्रत नकाशावर सही असलेल्या आर्किटेक्टला त्याच्या नावानिशी पाठवा. त्याची सही नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली सापडेल.